मामंजींच्या घरात बरोबरी नसते

"उद्या दुपारच्या चहाचं आधण ठेवायच्या आत तुझा राजा आडवा पाडते की नाही, बघच!" थोरली म्हणाली. आणि एवढ्यावर न थांबता तिने फोन उचलून मुलाला सांगूनही टाकलं, "ये रे तू गाडी घेऊन. डाव संपल्यात जमा आहे."

संपल्यात जमा! पटावर थोरलीचा राजा होता आणि तिचे दोन्ही घोडे होते. समोर धाकटीचा नुसता राजा. ना वजीर, ना हत्ती, ना उंट, सोबतीला साधं एक प्यादंसुद्धा नाही. सगळं घर लग्नाला गेल्यावर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यासारखा तो काळा राजा एकटाच उभा होता. अशाला धरायला कितीसा वेळ लागणार, असं थोरलीला वाटलं. खरं सांगायचं तर धाकटीलाही तसंच वाटलं, आणि त्या संध्याकाळी तिला घास गेला नाही.

थोरली आणि धाकटी या जावा. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. खाली त्यांचं कुलुपांचं दुकान, वर बिऱ्हाड. आता दोन्ही भाऊ नव्हते, दुकानाचं दार कायमचं ओढून घेतलेलं होतं आणि वरच्या खोल्यांत या दोघीच उरल्या होत्या. एकीचे गुडघे गेलेले, दुसरीची पाठ. भिंतींना ओल इतकी की वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही गार लागायचा. थोरलीचा मुलगा दातांचा डॉक्टर. तो म्हणत होता, आई, माझ्याकडे चल. धाकटीची मुलगी शाळेत शिकवायची. ती म्हणत होती, आई, माझ्याकडे ये. आणि दोघांची गावं दोन टोकांना! म्हणजे घर सोडायचं तर जावांनी एकमेकींनाही सोडायचं.

थोरली म्हणाली, जायचं. धाकटी म्हणाली, राहायचं. मग त्या घरात अशा वेळी जे करायची रीत होती तेच झालं. पट मांडला गेला. थोरली जिंकली तर घर सोडायचं, धाकटी जिंकली तर दोघींनी शेवटपर्यंत इथेच राहायचं.

ही रीत मामंजींची, म्हणजे दोघींच्या सासऱ्यांची. या घरात तोंडाने भांडायचं नाही, भांडण झालं की पटावर बसायचं, असा त्यांचा दंडक होता. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा स्वयंपाकघरात मिठाची बरणी कुठे असते ते कळायच्या आधी तिला घोड्याची अडीच घरं शिकवली गेली. दुकानाच्या दाराला हिरवा रंग द्यायचा की निळा, खिडकीजवळची खाट कोणाची, थोरलीच्या मुलाने डॉक्टर व्हायचं की कानशी घेऊन किल्ल्या घासायच्या, सगळं पटावर ठरलेलं. हरणाऱ्याने मुकाट ऐकायचं आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही. त्या काळी त्या घरातून आरडाओरडा म्हणून कधी ऐकू आला नाही. मधूनच नुसतं "शह!" असं ऐकू यायचं, आणि जिन्यात पत्रं चाळत उभा असलेला पोस्टमन दचकायचा.

मामंजींच्या बुद्धिबळात बरोबरी नव्हती. "बरोबरी म्हणजे दोघांचा आळस," असं ते म्हणायचे. आणि कोंडीसुद्धा नव्हती. राजाला शह नाही, पण हलायलाही जागा नाही, अशी कोंडी झाली की जगभर डाव बरोबरीत सुटतो. मामंजींना ते कसं पटावं? ते पडले कुलूपवाले! "कुलूपवाल्याने माणसाला आत कोंडून निघून जायचं नसतं," ते दरडावायचे. "कोंडलंस ना? मग उघड! चाल परत घे आणि नीट मात दे." त्यामुळे कोणी न हरताच डाव अडकून पडला, असं त्या घरात कधी कोणी पाहिलंच नव्हतं. तसं होऊ शकतं ही शंकासुद्धा कोणाच्या मनाला शिवली नव्हती.

तर सकाळी थोरली आंघोळ करून, केस घट्ट बांधून, शस्त्रक्रियेला निघालेल्या डॉक्टरसारखी पटावर येऊन बसली. तिच्या दोन घोड्यांपैकी लाकडी घोडा एकच होता. दुसरा घोडा तिच्या मुलाने लहानपणी मोरीत घालवला होता आणि त्याच्या जागी मामंजींनी एक छोटं पितळी कुलूप उभं केलं होतं. तेव्हापासून ते कुलूप घोडा म्हणूनच मोठं झालं. घरात सगळे त्याला घोडाच म्हणायचे.

"शह!" थोरलीने लाकडी घोडा आपटला.

धाकटीने राजा एक घर सरकवला.

"शह!" कुलूप आपटलं.

धाकटीने राजा परत पहिल्या घरात आणला.

"पळतेस कुठे अशी? पळून पळून जाणार कुठे?"

"कुठेच नाही जायचं म्हणून तर पळतेय, वहिनी."

थोरलीने ओठ आवळले. तिने राजा आणला, घोडे आणले, धाकटीच्या राजाला पार कडेला नेऊन दाबला आणि मोठ्या डौलाने हात झटकले. "घे! कर आता काय करायचं ते!"

धाकटीने इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "कोंडी झाली, वहिनी. शह नाहीये मला. पण हलायला जागाही नाही."

थोरलीने चष्मा पुसून पाहिलं. मग मुकाट्याने घोडा उचलून मागे ठेवला. नियम म्हणजे नियम. धाकटीचा राजा त्या फटीतून निसटून पुन्हा पटाच्या मध्यावर आला आणि वरात पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

तेवढ्यात खाली गाडीचा भोंगा वाजला.

मुलगा धापा टाकत वर आला. त्याच्यामागे हमालांचा मुकादम, कमरेला दोरखंड गुंडाळलेला, आणि त्याची चार माणसं. "आई, निघायचं ना?"

"बस जरासा. काकूचा राजा धरतेय."

"म्हणजे? डाव संपला म्हणालीस ना!"

"संपल्यात जमा म्हणाले. तू नेहमी अर्धंच ऐकतोस! पेशंटचं तरी पूर्ण ऐकतोस ना? नाहीतर भलताच दात उपटत असशील."

मुलगा कपाळाला हात लावून खिडकीत गेला, आणि खिडकीतून त्याला जे दिसलं त्याने त्याचा दुसराही हात कपाळाला गेला. गल्लीच्या दुसऱ्या तोंडातून आणखी एक मालगाडी आत शिरत होती. झालं होतं असं, की आईचा फोन येताच त्याने मोठ्या उत्साहाने चुलतबहिणीला कळवलं होतं, आई जिंकली, काकूला न्यायला ये. ती बिचारी रजा काढून, गाडी ठरवून, आपली आई हरली म्हणून वाटभर डोळे पुसत आली होती.

"आई गं!" मुलीने वर येताच धाकटीच्या गळ्यात हात टाकले. "हरलीस ना तू! जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस."

"अजून हरले नाहीये. जरा हात काढ, पट दिसत नाही."

खाली दोन्ही गाड्या समोरासमोर येऊन अडकल्या होत्या. एकीला मागे घेता येईना, दुसरीला पुढे काढता येईना, आणि दोघे ड्रायव्हर खिडकीतून डोकी काढून एकमेकांच्या खानदानाची चौकशी करत होते. मुकादमाने सांगून टाकलं, "साहेब, गाडी भरल्याशिवाय वजन येत नाही, आणि वजन आल्याशिवाय गल्लीच्या चढावर चाक धरत नाही. सामान भरायला घ्यायलाच पाहिजे. दिवस मावळायच्या आत गावाबाहेर पडायचं ना?"

"घ्या भरायला!" मुलगा म्हणाला. "तोवर यांचं होईलच."

मग जे काही सुरू झालं त्याला घर आवरणं म्हणत नाहीत, घर सोलणं म्हणतात. कपाट गेलं. खाटा गेल्या. भिंतीवरची खुंटीसुद्धा एका उत्साही हमालाने उपटून नेली. दोन्ही भावांचे फोटो वर्षानुवर्षं शेजारी शेजारी टांगलेले होते. ते उतरवून कागदात गुंडाळले गेले आणि थोरल्याचा फोटो एका गाडीत, धाकट्याचा दुसऱ्या गाडीत गेला. भिंतीवर मागे दोन पांढरट चौकोन राहिले. धाकटीने तिकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा तिकडे बघायचं नाही असं ठरवलं.

"बाई, हे टेबल?" मुकादमाने विचारलं.

"हात लावायचा नाही!" दोघी एका सुरात ओरडल्या. त्या दिवसात दोघींचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

एक हमाल मात्र फार सज्जन होता. टेबलाखाली मेलेल्या सोंगट्यांचा डबा कलंडला होता, तो भरता भरता त्याला वाटलं, म्हाताऱ्या माणसांना वाकता येत नसेल. त्याने पांढरा वजीर उचलला, फुंकर मारून साफ केला आणि अलगद पटाच्या मधोमध ठेवला. "घ्या आजी. तुमचा हा खाली पडला होता."

थोरलीने वजिराकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "हं. माझीच चाल होती ना?"

"वहिनी!"

"काय?"

"तो वजीर मेलाय."

"कधी?"

"काल संध्याकाळी! मी माझा हत्ती देऊन मारलाय त्याला!"

"असेल बाई. मेलेली माणसं अशी परत आली तर आपण नाही म्हणू का, असं आपलं मनात आलं." थोरलीने वजीर उचलून डब्यात टाकला. त्या सज्जन हमालाला कळेना की आपण एवढं काय केलं.

डाव पुन्हा सुरू होतो न होतो तोच मुकादम ओरडला, "ए, त्या मोठ्या ट्रंकेला कुलूप लावा रे! वाटेत उघडायची!" आणि दुसऱ्या एका हमालाने, जो सज्जन नसून फक्त चपळ होता, समोर टेबलावर रिकामं पडलेलं छोटं पितळी कुलूप उचललं, खाली धावत गेला आणि ट्रंकेला खटकन लावून टाकलं.

"माझा घोडा!" थोरली किंचाळली.

मुकादम हादरला. "घोडा? कुठला घोडा? साहेब, आम्हाला घोड्याचं कोणी बोललं नव्हतं! गाडीत जनावर चढवत नाही आम्ही!"

"अहो, घोडा म्हणजे कुलूप!" मुलाने सांगितलं.

"कुलूप म्हणजे घोडा?" मुकादमाने मुलीकडे पाहिलं.

"हो ना," मुलगी वैतागून म्हणाली. "लहानपणापासून."

मुकादमाने दोरखंड खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसला. या घरातून आपली माणसं धड बाहेर पडली तरी खूप झालं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

कुलपाची किल्ली कोणाकडेच नव्हती. असणार कशी? घोड्याला किल्ली कोण ठेवतं? मुलीने सुचवलं, त्याच्या जागी एखादं टोपण ठेवा. थोरली म्हणाली, चालू डावात घोडा बदलत नाहीत. मुलगा म्हणाला, ट्रंक फोडू. धाकटी म्हणाली, खबरदार, त्या ट्रंकेत माझी लग्नातली साडी आहे. शेवटी गाडीच्या तळाशी गेलेली ट्रंक काढण्यासाठी अर्धी गाडी रिकामी झाली, ट्रंक वर आली आणि थोरलीने अंबाड्यातला आकडा काढला. आयुष्य कुलुपांच्या दुकानावर काढलेली बाई ती. आकडा आत घालून, डोळे मिटून, कान कुलपाला लावून तिने जरासं फिरवलं आणि टक! घोडा सुटला.

"मामंजींनी शिकवलेलं," ती धाकटीला म्हणाली. "तुला नव्हतं शिकवलं."

"मला शिकवलं होतं. तुम्हाला शिकवलं नसेल असं मला वाटायचं."

दोघी क्षणभर हसल्या. मग थोरलीने कुलूप जागेवर ठेवलं, "शह!" म्हणाली, आणि हसू मावळलं.

या सगळ्या गोंधळात मुलाने पटाकडे नीट असं पाहिलंच नव्हतं. आता त्याला बसायला खुर्ची उरली नव्हती, म्हणून तो आईच्या मागे उभा राहिला आणि त्याची नजर खाली गेली. शाळेत असताना तो बुद्धिबळात बक्षिसं मिळवायचा. तो वाकला. पुन्हा वाकला.

"आई, तू सकाळपासून हाच डाव खेळतेयस? नुसत्या दोन घोड्यांनी?"

"नुसत्या काय? चांगले धडधाकट घोडे आहेत."

"अगं, दोन घोड्यांनी मात होत नाही!"

मुकादमानेसुद्धा मान वर केली.

"म्हणजे समोरच्याने आपणहून चूक केली तरच होते," मुलगा सांगू लागला. "कडेला शह बसल्यावर तो स्वतःच्या पायांनी कोपऱ्यात शिरला तर. बाहेर सरकत राहिला तर तू वर्षभर खेळलीस तरी काही होणार नाही. हत्ती असता तर गोष्ट वेगळी, साधं प्यादं असतं तरी वजीर करता आला असता. पण एवढ्यावर नाही. तेवढं बळच नाही तुझ्याकडे."

"मग करेल की ती चूक," थोरली शांतपणे म्हणाली. "आयुष्यभर करत आली आहे."

"पण काकूही जिंकू शकत नाही! तिच्याकडे तर काहीच नाही. जगात कुठेही हा डाव बरोबरीत सोडतात."

"बरोबरीत?" थोरली.

"मामंजींच्या घरात?" धाकटी.

दोघी जावांनी त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की दातांच्या डॉक्टरला स्वतःचेच दात दुखल्यासारखं झालं. "बरं, बरं," तो म्हणाला आणि खाली गाड्यांकडे गेला. मुलगीही त्याच्या मागोमाग गेली.

धाकटीच्या मनात मात्र काहीतरी हललं. म्हणजे आपण हरूच शकत नाही! कोपऱ्यात शिरलो नाही की झालं. जिंकणं नशिबात नाही, पण राहणं आपल्या हातात आहे. उद्या खेळू, परवा खेळू, पावसाळाभर खेळू. वहिनी शह देत राहतील, आपण सरकत राहू, आणि डाव संपत नाही तोवर कोण कोणाला कुठे नेणार? सकाळपासून पहिल्यांदा तिने पाठ टेकली.

आता घरात दोन खुर्च्या, एक टेबल आणि एक पट एवढंच उरलं होतं. दिवे काढून नेले होते. बाहेर आभाळ भरून आलेलं, दुपारीच संध्याकाळ झाल्यासारखी. बोललं की रिकाम्या खोल्यांतून आवाज परत यायचा. "शह," थोरली म्हणायची, आणि आतल्या खोलीतून कोणीतरी दबक्या आवाजात "शह" म्हणायचं.

धाकटीने आधी पटाकडे पाहिलं, मग थोरलीच्या हातांकडे. घोडा उचलून ठेवायला तिला दोन्ही हात लागत होते.

"वहिनी, थांबू या का जरा?"

"नको. थांबले तर उठता येणार नाही."

"उठायचंय कशाला?"

थोरलीने घोडा हातात तसाच धरला. "मागच्या थंडीत मी जिन्यात पडले. आठवतंय? तू मला उचलायला आलीस आणि तूही बसलीस. दूधवाला येईपर्यंत दोघी पायरीवर बसून होतो. तू मला गाणी म्हणून दाखवत होतीस. वेडी! त्या दिवसानंतर तुझी पाठ सरळ झालेली नाही. मला दिसत नाही असं समजू नकोस. मी मुलाकडे गेले तर तो मला उचलेल. तरणा आहे. आपण इथे राहिलो तर एक दिवस तू मला उचलता उचलता मरशील, आणि मग मी तशीच पडून राहीन."

एवढं बोलून तिने घोडा ठेवला. "शह."

हे बोलणं ती आधी कधी बोलली नव्हती. तोंडाने भांडायची रीतच नव्हती ना त्या घरात! भांडण पटावर व्हायचं, त्यामुळे कोणाला काय हवं ते सगळ्यांना कळायचं, आणि का हवं ते कधीच नाही.

खालून मुलाची हाक आली. "आईऽ! गाड्या निघायलाच हव्यात आता! झालं का?"

धाकटीने पटाकडे पाहिलं. तिचा राजा कोपऱ्याच्या शेजारच्या घरात होता आणि त्याला शह होता. हलायला दोनच घरं मोकळी. बाहेरच्या अंगाला सरकलं की सुटका. आत कोपऱ्यात शिरलं की कुलपाने उडी मारायची आणि सगळं संपायचं. तिला पायऱ्या आठवल्या, दूधवाल्याचा घाबरलेला चेहरा आठवला, आणि आपल्याला गाण्याचं दुसरं कडवं येत नव्हतं म्हणून पहिलंच पुन्हा पुन्हा म्हटलेलं आठवलं.

मग तिने राजा उचलला आणि कोपऱ्यात ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की आतल्या खोलीतूनही तो परत आला नाही.

थोरलीने कोपऱ्यातल्या राजाकडे पाहिलं. मग धाकटीकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिच्या कपाळावर एकेक आठी चढत गेली.

"सकाळपासून वाऱ्यासारखी पळत होतीस. आणि आता आपणहून कोपऱ्यात?"

"हो."

"ते पोरगं सांगून गेलं कोपऱ्यात शिरू नको म्हणून, तरी?"

"शिरले खरी."

"अस्सं!" थोरलीने मांडीवर थाप मारली. "मला काय दूधखुळी समजलीस? यात काहीतरी खुबी आहे. मी घोडा पुढे घालावा आणि तू तो मटकवावास, असाच बेत दिसतोय तुझा! अगं, तुला मी ओळखत नाही का? जन्म गेला तुझ्यासमोर बसण्यात!"

"वहिनी, तसं काही नाही. नीट बघा तरी!"

"बघितलं!" असं म्हणून थोरलीने, शह देऊन ठेवलेला लाकडी घोडा उचलला आणि सुरक्षित म्हणून अडीच घरं लांब नेऊन ठेवला.

खाली इंजिनं सुरू झाली. "आई, सामान उतरवून घ्यायला आम्हाला पुढे जायला हवं!" मुलगा ओरडला. "मुकादम थांबायला तयार नाही! उद्या सकाळी तुम्हाला न्यायला येतो दोघं!" एक गाडी एका टोकाने निघाली, दुसरी दुसऱ्या टोकाने. गल्लीत धूर राहिला. तोही हळूहळू गेला.

धाकटीने मोठा श्वास घेतला. "वहिनी, मात होती."

"कुठे?"

धाकटीने घोडा परत मागच्या जागी आणून दाखवला, कुलूप उचललं आणि नेमक्या घरात ठेवलं. राजाला इकडे जागा नव्हती, तिकडे जागा नव्हती, मागे तर भिंतच. थोरली बघत राहिली. तिच्या तोंडाचा आ झाला तो मिटेचना.

"मग सांगितलं का नाहीस?"

"नीट बघा म्हणाले की!"

"चाल परत घेते मी."

"ते कोंडीलाच. मामंजींचा नियम आहे. हात सुटला की चाल झाली." हे बोलताना धाकटीचं तिलाच नवल वाटलं. एकदा हरायला निघालेली बाई, पण फुकट कशाला हरायचं? तिने सोंगट्या पुन्हा जशा होत्या तशा लावल्या, आणि कोपऱ्यातला राजा बाहेर काढून ठेवला. "आता चाल तुमची."

"मूर्ख!" थोरली म्हणाली. कोणाला, ते तिने सांगितलं नाही.

अंधारून आलं तेव्हा दोघींच्या लक्षात आलं की गाद्या मुलाच्या गावाला निघाल्या होत्या, उशा मुलीच्या गावाला, आणि हवेत चांगलाच गारठा होता. धाकटीने सगळं घर धुंडाळलं. चहाची पातेलीसुद्धा गेली होती. सापडला तो फक्त मागच्या खिडकीचा पडदा. फाटका म्हणून मुकादमाने तो तसाच सोडला होता. तिने तो काढून, झटकून आणला.

"तुम्ही घ्या, वहिनी. तुमचे गुडघे धरतील."

"तू घे. तुझी पाठ आखडेल."

"मी म्हणते तुम्ही घ्या!"

"आणि मी म्हणते तू घे! मोठी मी आहे!"

"मोठ्या आहात म्हणूनच म्हणते!"

पडद्याचं एक टोक एकीच्या हातात, दुसरं दुसरीच्या. दोघींचेही आवाज चढले होते, त्या घरात कधी चढले नव्हते एवढे. मग अचानक सवयीने दोघींची नजर टेबलाकडे गेली.

पण पट कुठे मोकळा होता?